धूर कुणाचा, खर्च कुणाचा? ठाणे-कल्याणच्या रस्त्यांवरील प्रदूषण-नियमांचा इतिहास

१/
मुंबई उच्च न्यायालयाने ९ जानेवारी २०२५ रोजी राज्य शासनापुढे एक प्रश्न ठेवला. मुंबई महानगर प्रदेशातील पेट्रोल व डिझेलची वाहने टप्प्याटप्प्याने बंद करून केवळ सीएनजी व विजेवरची वाहने ठेवणे शक्य आहे काय, याचा अभ्यास तज्ज्ञ समितीकडून करून घ्यावा, असा तो आदेश होता. २२ जानेवारीला निवृत्त सनदी अधिकारी सुधीरकुमार श्रीवास्तव यांच्या अध्यक्षतेखाली ७ सदस्यांची समिती नेमली गेली. हा प्रदेश म्हणजे केवळ मुंबई नव्हे. ठाणे, कल्याण, डोंबिवली, भिवंडी आणि उल्हासनगरही त्यात येतात.

२/
कल्याण स्थानकाबाहेरची शेअर रिक्षा, घोडबंदर रस्त्यावरचा टेम्पो, भिवंडीच्या गोदामांकडे जाणारा ट्रक: या वाहनांच्या मागे कुटुंबे उभी आहेत. खासगी मोटार असलेल्याला कठोर नियम आला की गाडी बदलावी लागते. रिक्षाचालकाला त्याच नियमामुळे आपले हत्यार बदलावे लागते, आणि त्या हत्यारावर अनेकदा कर्जाचा हप्ता चालू असतो. स्वच्छ हवा सर्वांना हवी. ती आणण्याचा खर्च आजवर कोणी सोसला, याचा हा मागोवा. (दीर्घ धागा)

३/
सुरुवात मोटारींच्याही आधीची आहे. १९१२ मध्ये मुंबई इलाख्यात धूर-उपद्रव कायदा झाला. त्यापूर्वी १९०५ मध्ये बंगालमध्ये तसाच कायदा आला होता. मुंबईत या कायद्याचे मुख्य लक्ष्य होते गिरण्यांची धुराडी. काळा धूर किती वेळ सोडावा याला मर्यादा घालण्यात आली आणि ती पाळली जाते की नाही हे पाहण्यासाठी निरीक्षक नेमले गेले. आपल्याकडच्या हवा-प्रदूषण कायद्यांची ही पहिली पिढी.

४/
त्या काळच्या कलकत्त्यात एक गोष्ट घडली, ती लक्षात ठेवण्याजोगी आहे. धूर जास्त का होतो, या प्रश्नावर युरोपीय तज्ज्ञांनी बराचसा दोष भट्टीत कोळसा टाकणाऱ्या देशी कामगारांच्या माथी मारला. त्यांना कोळसा नीट टाकता येत नाही, असे सांगितले गेले. कोळशाची प्रत आणि भट्टीची रचना मालकाच्या हाती होती. कामगाराच्या हाती होते फक्त फावडे. धुराचा दोष सर्वांत खालच्या माणसावर लोटण्याची सवय इतकी जुनी आहे.

५/
आता ठाण्याकडे. १९६० च्या दशकात वागळे इस्टेट उभी राहिली, ठाणे-बेलापूर पट्ट्यात कारखाने आले, कल्याणजवळ मोहने आणि शहाड येथे रेयॉनचे मोठे कारखाने चालत होते. १८ जानेवारी १९८२ रोजी दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली मुंबईतील गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. त्यानंतरच्या दोन दशकांत गिरण्याच नव्हेत, तर ठाणे पट्ट्यातील अनेक कारखानेही बंद पडले. मोहन्याचा नॅशनल रेयॉन कारखाना २००९ मध्ये थांबला आणि कामगारांच्या देण्यांचा वाद पुढे वर्षानुवर्षे चालला.

६/
नोकरी गेलेल्या कामगारापुढे मार्ग थोडे होते. बॅज काढायचा आणि रिक्षा चालवायची, हा त्यांतला एक. काहींनी स्वतःची रिक्षा घेतली, काहींनी दुसऱ्याची रिक्षा पाळीवर चालवायला घेऊन रोजचे भाडे भरले. ठाणे-कल्याणच्या रिक्षा-स्टँडवर एकेकाळचे यंत्रकामगार भेटत, ते यामुळे. म्हणूनच येथे रिक्षावर नियम येतो, तेव्हा तो अनेकदा एकदा विस्थापित झालेल्या कुटुंबावरच पुन्हा येतो.

७/
डोंबिवलीच्या इतिहासात तर मोटार बनवणारे हातही आहेत. कल्याण-शीळ रस्त्यावर प्रीमियर ऑटोमोबाइल्सचा कारखाना होता. १९९० च्या दशकात फ्रान्सच्या प्यूजो कंपनीशी भागीदारी करून तेथे ‘प्यूजो ३०९’ ही मोटार तयार होत असे. कामगार-तंटा आणि घटती विक्री यांत ती भागीदारी १९९७ पर्यंत संपली. कारखाना गेला, त्या जमिनीवर पुढे निवासी संकुले उभी राहिली. ‘प्रीमियर’ हे नाव मात्र परिसराला चिकटून राहिले.

८/
कायद्याची चौकट याच काळात तयार होत होती. १९८१ चा हवा प्रदूषण प्रतिबंध कायदा, १९८६ चा पर्यावरण संरक्षण कायदा, १९८८ चा मोटार वाहन कायदा आणि १९८९ चे केंद्रीय मोटार वाहन नियम. त्या नियमांतील ११५ व्या नियमाने वाहनाच्या धुराला मर्यादा घातली. आज प्रत्येक चालकाच्या खिशात असणारे ‘पीयूसी’ प्रमाणपत्र याच नियमाचे अपत्य.

९/
त्या वेळच्या रिक्षा इतका धूर का सोडत? कारण त्यांचे टू-स्ट्रोक इंजिन. या इंजिनात वंगणाचे तेल पेट्रोलमध्येच मिसळलेले असते आणि तेही जळते. शिवाय आत येणाऱ्या ताज्या मिश्रणाचा काही भाग न जळताच बाहेर निसटतो. निळसर धूर आणि तो विशिष्ट वास यातूनच येई. तरीही ते इंजिन लोकप्रिय होते, कारण ते स्वस्त, हलके आणि कोपऱ्यावरच्या मेकॅनिकलाही दुरुस्त करता येण्याजोगे होते. गरिबाला परवडणारे यंत्र आणि जास्त धूर सोडणारे यंत्र, हे येथे एकच होते.

१०/
पुढचा धडा दिल्लीचा. ८ जुलै १९९६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर १६८ धोकादायक कारखाने दिल्लीबाहेर नेण्याचा आदेश दिला. त्यात कामगारांचे हक्कही लिहिले होते: सेवेचे सातत्य, स्थलांतराच्या काळातील पूर्ण वेतन आणि १ वर्षाच्या वेतनाइतका स्थलांतर भत्ता. कारखाना दुसरीकडे न जाता बंदच झाला, तर कामगाराला ६ वर्षांचे वेतन द्यावे, असा बदल त्याच वर्षअखेर झाला. हजेरीपटावर नाव नसलेल्या अनेकांच्या हाती यातले काही पडले नाही. तरीही न्यायालयाने कामगाराचे नुकसान मोजले होते.

११/
त्याच न्यायालयाने २८ जुलै १९९८ रोजी वाहनांविषयी आदेश दिला. दिल्लीतील सर्व बसगाड्या ३१ मार्च २००१ पर्यंत सीएनजीवर आणायच्या आणि १९९० पूर्वीच्या रिक्षा-टॅक्सी त्याआधीच बदलायच्या. नंतरच्या वाहनांसाठी आर्थिक प्रोत्साहनाचाही उल्लेख होता. पण ते प्रोत्साहन वाहनासाठी, म्हणजे मालकासाठी. दुसऱ्याची रिक्षा रोजच्या भाड्याने चालवणाऱ्याचा बुडालेला रोजगार कोणत्याही रकान्यात बसला नाही.

१२/
फरक कशामुळे पडला? कारखान्यातील कामगाराला मालक होता, म्हणून भरपाई कोणी द्यायची याचे उत्तर होते. रिक्षाचालकाला कायद्याच्या भाषेत मालकच नव्हता. १९४७ चा औद्योगिक विवाद कायदा नोकरीच्या नात्यावर उभा होता. स्वतःच्या जिवावर कमावणाऱ्याला त्यात जागा नव्हती. प्रदूषणाचे नियम कारखान्यांकडून रस्त्यांकडे वळले, तेव्हा कामगाराचे संरक्षण मात्र कारखान्याच्या फाटकाशीच थांबले.

१३/
मुदत आली तेव्हा दिल्लीत गॅसपंप कमी आणि सीएनजी बसगाड्या त्याहून कमी होत्या. एप्रिल २००१ च्या पहिल्या आठवड्यात बस न मिळाल्याने प्रवासी रस्त्यावर उतरले, जाळपोळ झाली. रिक्षाचालक रात्र रात्र गॅसच्या रांगेत काढत होते. ५ एप्रिल २००२ रोजी न्यायालयाने डिझेल बसगाड्यांवर दिवसाला ५०० आणि पुढे १,००० रुपये दंड बसवला. हळूहळू व्यवस्था बसली. मधल्या काळाची किंमत मात्र रांगेत उभे राहणाऱ्यांनी मोजली.

१४/
मुंबईत हीच लढाई १९९९ मध्ये सुरू झाली. ‘स्मोक अफेक्टेड रेसिडेंट्स फोरम’ या नागरिकांच्या संस्थेने उच्च न्यायालयात याचिका केली. न्यायालयाने परिवहन आयुक्त व्ही. एम. लाल यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. समितीने २००० मध्ये अहवाल दिला आणि ऑक्टोबर २००१ मध्ये न्यायालयाने जुन्या टॅक्सी व रिक्षांना मुदती घालून दिल्या: स्वच्छ इंधनावर या, नाहीतर रस्त्यावरून उतरा. त्या वेळी काळ्या-पिवळ्या टॅक्सींतील कित्येक गाड्या डिझेलवर धावत होत्या.

१५/
मुंबईत दिल्लीइतका उद्रेक झाला नाही. त्याचे एक कारण पैशाचे होते. सीएनजी पेट्रोलपेक्षा बराच स्वस्त होता, त्यामुळे किटचा खर्च काही काळात वसूल होई. मात्र तो लाभ कुणाला, हे मालकीवर ठरे. स्वतःची गाडी चालवणाऱ्याला बचत थेट मिळाली. पाळीवर चालवणाऱ्याच्या बाबतीत मालक रोजचे भाडे वाढवू शकत होता. एकच नियम, एकच इंधन, आणि दोन चालकांना दोन वेगळी फळे.

१६/
मालकीचा हा प्रश्न मुंबईच्या टॅक्सीचालकांच्या संघटनेला पूर्वीच उमगला होता. जॉर्ज फर्नांडिस हे या संघटनेचे नेते. १९६८ मध्ये त्यांच्या पुढाकाराने बॉम्बे लेबर को-ऑपरेटिव्ह बँक स्थापन झाली. इतर बँका दारात उभे करत नसत, अशा कामगारांना व टॅक्सीचालकांना कर्ज मिळावे, हा तिचा हेतू होता. स्वस्त कर्ज म्हणजे स्वतःची गाडी, आणि स्वतःची गाडी म्हणजे नियम बदलला तरी तग धरण्याची ताकद. पर्यावरणाच्या इतिहासात सहकारी बँकेचा उल्लेख क्वचित येतो. तो यायला हवा.

१७/
दुसरा प्रश्न गॅसच्या वाटेचा. महानगर गॅस ही कंपनी १९९५ मध्ये स्थापन झाली. नळवाहिनी आधी मुंबईत पसरली, मग ठाण्याकडे आणि त्याही पुढे कल्याण-डोंबिवलीकडे गेली. वाहनात गॅस सुमारे २०० बार दाबाने भरावा लागतो. पंपावरचा दाब पुरेसा नसेल तर टाकी अर्धवट भरते आणि चालकाला दिवसात पुन्हा रांग लावावी लागते. रिक्षाची टाकी मुळातच लहान. रांगेत गेलेला तास मीटरवर पडत नाही.

१८/
या सुमारास राष्ट्रीय पातळीवर एका मराठी शास्त्रज्ञाने वेगळा विचार मांडला. डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या अध्यक्षतेखालील वाहन-इंधन धोरण समितीने २००२ मध्ये सांगितले, की शासनाने धुराची मर्यादा ठरवावी. ती कोणत्या इंधनाने गाठायची याची सक्ती करू नये. त्यावर मोठा वाद झाला. सीएनजीच्या समर्थकांना ही डिझेलला मिळालेली पळवाट वाटली. दुसरी बाजू अशी, की एकाच इंधनाला बांधलेला चालक त्या इंधनाच्या भावालाही बांधला जातो. या दुसऱ्या मुद्द्याचे वजन वीस वर्षांनी कळले.

१९/
माशेलकर समितीच्या वेळापत्रकानुसार ‘भारत स्टेज’ मानके पुढे सरकत गेली. मुंबईसह मोठ्या शहरांत २००५ मध्ये तिसरा आणि २०१० मध्ये चौथा टप्पा आला. २०१७ मध्ये चौथा टप्पा देशभर लागू झाला. पाचवा वगळून १ एप्रिल २०२० पासून थेट सहावा. चौथ्या टप्प्यातील इंधनात गंधक दशलक्ष भागांत ५० भाग असे, ते सहाव्यात १० वर आले. ही प्रगती खरी आणि मोठी आहे. तिचा भार नव्या गाड्या बनवणाऱ्या कंपन्यांवर आणि तेलशुद्धीकरण कारखान्यांवर पडला, आणि तेथून गाडीच्या किमतीत उतरला.

२०/
जुन्या गाड्यांसाठी वेगळी हत्यारे वापरली गेली. महाराष्ट्राने २०१० मध्ये पर्यावरण कर आणला: व्यावसायिक वाहन ८ वर्षांचे झाले की, खासगी वाहन १५ वर्षांचे झाले की. टॅक्सीचे आयुष्य आधी २५ वर्षांवर आणि २०१३ मध्ये २० वर्षांवर आणले गेले. व्यावसायिक वाहन दिवसभर धावते, लवकर झिजते, म्हणून त्याला कडक नियम लावण्यात तर्क आहे. पण त्याच तर्काची दुसरी बाजूही पाहावी लागते: एक शेअर रिक्षा दिवसभरात जितके प्रवासी नेते, त्यांपैकी प्रत्येकाने स्वतःची दुचाकी काढली असती तर?

२१/
२९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेवच्या परिवहन कार्यालयात शेवटची प्रीमियर पद्मिनी टॅक्सी म्हणून नोंदली गेली. २० वर्षांचा नियम तिला २०२३ च्या ऑक्टोबरअखेर लागू झाला आणि पद्मिनी मुंबईच्या रस्त्यांवरून नाहीशी झाली. वृत्तपत्रांनी हळवे निरोप लिहिले, छायाचित्रे छापली, एखादी गाडी संग्रहालयात ठेवावी अशी मागणी झाली. निरोप गाडीला मिळाला. तिच्या चालकाने नवी गाडी कोणत्या कर्जावर घेतली, हे विचारणारे थोडेच होते.

२२/
आता भाड्याचा हिशेब. रिक्षाचे किमान भाडे शासन ठरवते. चालक ते स्वतः वाढवू शकत नाही. हकीम समितीने २०१२ मध्ये त्यासाठी सूत्र दिले, पुढे खटुआ समितीने ते सुधारले. इंधन, गाडीची किंमत, विमा, देखभाल आणि महागाई यांचा त्यात विचार होतो. तरीही जून २०१५ मध्ये १८ रुपये झालेले किमान भाडे मार्च २०२१ पर्यंत, म्हणजे जवळपास ६ वर्षे, तसेच राहिले. सहाव्या टप्प्याची महाग रिक्षा याच काळात बाजारात आली. सूत्र होते, ते वेळेवर लावले गेले नाही.

२३/
मग गॅस भडकला. २०२१ च्या आरंभी मुंबई परिसरात सीएनजी किलोला ५० रुपयांच्या आसपास होता. ऑगस्ट २०२२ मध्ये तो ८६ रुपयांवर पोहोचला. मधल्या काळात राज्याने १ एप्रिल २०२२ पासून सीएनजीवरील मूल्यवर्धित कर १३.५ टक्क्यांवरून ३ टक्क्यांवर आणला, पण वाढत्या भावाने तो दिलासा गिळला. रिक्षाचे भाडे २१ वरून २३ झाले ते ऑक्टोबर २०२२ मध्ये. पुढची वाढ २६ रुपयांची, १ फेब्रुवारी २०२५ पासून. एकेकाळी स्वस्त म्हणून स्वीकारलेले इंधन आता चालकाला सोडता येण्याजोगे उरले नव्हते.

२४/
एका इंधनाला बांधले जाण्याची जोखीम नोव्हेंबर २०२५ मध्येही दिसली. चेंबूर भागातील खत कारखान्याच्या आवारात मुख्य गॅसवाहिनीला इजा झाली आणि वडाळ्याच्या केंद्राकडे येणारा पुरवठा खंडित झाला. मुंबई, ठाणे, नवी मुंबईतील पंपांवर रिक्षा-टॅक्सींच्या रांगा लागल्या. नियम पाळून सीएनजीवर आलेला चालकच त्या दिवशी घरी बसला. असा एखादा दिवस गेला तरी कर्जाच्या हप्त्याची तारीख पुढे सरकत नाही.

२५/
नियम मोडला तर दंड. पण दंडाचे माप कोणते? केंद्राने २०१६ च्या अखेरीस नियमांत दुरुस्ती केली. वाहनाचे योग्यता प्रमाणपत्र, ज्याला रिक्षावाले ‘पासिंग’ म्हणतात, संपल्यावर दिवसाला ५० रुपये जादा शुल्क ठरले. आजारपणात किंवा टाळेबंदीत गाडी उभी राहिली तरी हा आकडा चालूच. २०२४ मध्ये वसुलीला जोर आला, तेव्हा राज्यभर रिक्षा-टॅक्सी संघटनांनी आंदोलने केली आणि राज्य शासनाने वसुली स्थगित केली. उभ्या असलेल्या गाडीतून धूर निघत नाही, हा चालकांचा युक्तिवाद साधा आणि बिनतोड होता.

२६/
विजेच्या वाहनांनी प्रश्नाला नवे वळण दिले. ठाणे परिवहन सेवा १९८९ पासून चालते. तिच्याकडे आलेल्या विजेच्या बसगाड्या बहुतांशी कंत्राटावर आहेत: गाडी ठेकेदाराची, पैसे किलोमीटरमागे, चालक ठेकेदाराचा नोकर. मुंबईत बेस्टच्या अशाच भाडेतत्त्वावरील बसगाड्यांच्या चालकांनी ऑगस्ट २०२३ मध्ये वेतनवाढीसाठी काम थांबवले आणि प्रवाशांचे हाल झाले. बसचा धूर संपला, ही चांगली गोष्ट. कायम नोकरीही त्याच दाराने बाहेर जावी, असे मात्र तंत्रज्ञानाने सांगितले नव्हते. तो निर्णय माणसांचा.

२७/
जगात इतरत्र काय झाले? काठमांडू खोऱ्यातून १९९९ मध्ये डिझेलचे ‘विक्रम’ टेम्पो हटवले गेले; मालकांना पर्यायी वाहने आणण्यासाठी सीमाशुल्कात सवलत मिळाली. लंडनने २९ ऑगस्ट २०२३ रोजी कमी-धूर क्षेत्र सर्व उपनगरांत वाढवले आणि जुन्या गाड्या मोडीत काढण्यासाठी १६ कोटी पौंडांचा निधी ठेवला. फिलिपाइन्सने २०१७ पासून जुन्या जीपनी बदलण्याची सक्ती आणली, पण नवी गाडी चालकांच्या आवाक्यापलीकडची निघाली. संप झाले, मुदती पुन्हा पुन्हा पुढे गेल्या. जेथे पैशाची सोय नियमासोबत आली, तेथे बदल टिकला. जेथे ती मागाहून आली, तेथे नियमच लांबला.

२८/
या विचाराला एक नावही आहे: न्याय्य संक्रमण. अमेरिकेतील तेल-रसायन कामगारांचे नेते टोनी मॅझोकी यांनी त्याचा पाया घातला. घातक उद्योग बंद व्हावेत हे त्यांना मान्य होते. समाजाच्या भल्यासाठी ज्याचे काम जाते, त्याला समाजाने सावरावे, एवढीच त्यांची मागणी होती. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने २०१५ मध्ये यासाठी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली आणि त्याच वर्षीच्या पॅरिस कराराच्या प्रस्तावनेत ही कल्पना आली.

२९/
महाराष्ट्राला यासाठी परदेशाकडेच पाहावे लागेल असे नाही. एक ठराविक मालक नसलेल्या कामगारांचा प्रश्न या राज्याने १९६९ मध्येच सोडवून दाखवला आहे. अण्णासाहेब पाटील यांच्या चळवळीतून आलेल्या माथाडी कायद्याने हमालांसाठी मंडळे उभारली. माल ज्याचा, त्याने मजुरीबरोबर मंडळाकडे लेव्ही भरायची आणि त्यातून भविष्यनिर्वाह निधी, उपदान व वैद्यकीय सोयी मिळायच्या. मालक रोज बदलला तरी हक्क बदलत नव्हते.

३०/
२०२४ मध्ये राज्याने रिक्षा व मीटर टॅक्सी चालकांसाठी कल्याणकारी मंडळ स्थापन केले आणि त्याला ठाण्याचे नेते आनंद दिघे यांचे नाव दिले. ते स्थापन करणारे तेव्हाचे मुख्यमंत्री एकनाथ शिंदे यांनी तरुणपणी ठाण्यात रिक्षा चालवली होती. चालकाला दारात उभे राहण्यासाठी एक कार्यालय मिळाले, ही पुढची पायरी खरी. मात्र माथाडी मंडळाचे बळ लेव्हीत होते. चालकाच्याच वर्गणीवर भिस्त ठेवणाऱ्या मंडळाला वाहन बदलण्याचा मोठा खर्च पेलवणे अवघड आहे.

३१/
येथे एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. चालकांच्या बाजूने बोलणे म्हणजे धुराच्या बाजूने बोलणे नव्हे. शीळफाट्याच्या किंवा तीन हात नाक्याच्या कोंडीत दिवसाचे दहा-बारा तास उघड्या रिक्षात बसणारा माणूस हा धूर सर्वांत जास्त घेतो. काच बंद करून बसण्याची सोय त्याला नाही. स्वच्छ हवेचा पहिला लाभार्थी तोच असायला हवा. त्याने त्या हवेला विरोध केला, तर तो हवेला नसून आपल्या वाट्याला आलेल्या बिलाला असतो.

३२/
शंभर वर्षांच्या या प्रवासातून चार प्रश्न उरतात आणि कोणत्याही नव्या नियमाला ते विचारता येतात. पर्याय मुदतीच्या आधी उपलब्ध आहे काय, म्हणजे कल्याण-डोंबिवलीत पुरेसे पंप आणि चार्जिंगची ठिकाणे? खर्चवाढ भाड्याच्या सूत्रात त्याच वेळी धरली आहे काय? मदत गाडीच्या मालकाबरोबर पाळीवर चालवणाऱ्यापर्यंतही पोहोचते काय? आणि नियम ठरवणाऱ्या समितीत चालकांचा प्रतिनिधी बसतो काय?

३३/
१९१२ मध्ये कायद्याने मोजला तो धूर. फावडे धरणाऱ्याचे कष्ट मोजले नाहीत. १९९६ मध्ये न्यायालयाने कारखान्यातील कामगाराचे नुकसान मोजले, आणि दोनच वर्षांनी रस्त्यावरच्या कामगाराचे मोजायचे राहून गेले. पेट्रोल-डिझेल हटवणे शक्य आहे काय, हा २०२५ चा प्रश्न अभियंते, तेल कंपन्या आणि वीज मंडळे यांच्या उत्तरांनी अर्धाच सुटेल. खर्चाची वाटणी मुदतीच्या तारखेसोबत एकाच कागदावर लिहिली गेली, तर उरलेला अर्धाही सुटेल. ती लिहिली गेली नाही, तर ती आपोआप होते, आणि आपोआप झालेली वाटणी कुणाच्या अंगावर पडते हे ठाणे-कल्याणच्या रिक्षा-स्टँडना ठाऊक आहे.

(समाप्त)